आर्थर कॉटन

सर आर्थर थॉमस कॉटन (१५ मे १८०३ – २४ जुलै १८९९) हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी व सिंचन अभियंता होते. कावेरी आणि गोदावरी या नद्यांवरील बंधाऱ्यांसाठी ते ओळखले जातात. महाराष्ट्राच्या संदर्भात त्यांचे नाव गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातून, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील प्राणहिता नदीतून, जलवाहतूक सुरू करण्याच्या अयशस्वी योजनेशी जोडलेले आहे.

सुरुवातीचे जीवन

ॲडिसकोम्ब येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या विद्यालयात शिक्षण घेऊन कॉटन १८१९ मध्ये मद्रास इंजिनिअर्समध्ये दाखल झाले आणि १८२१ मध्ये भारतात आले. पहिल्या ब्रह्मी युद्धात त्यांनी भाग घेतला. पुढे त्यांची नेमणूक कावेरीच्या खोऱ्यात झाली. तेथे कोल्लिडम फाट्याचे पात्र खोल होत होते, तर कावेरीचे गाळाने भरत चालले होते. त्यामुळे तंजावरच्या शेतीचे पाणी घटत होते. १८३६ मध्ये कोल्लिडमवर बंधारे बांधून त्यांनी हा तोल सावरला. वाळूच्या पात्रात पाया कसा टिकवावा, हे ते प्राचीन कल्लणै बंधाऱ्याच्या निरीक्षणातून शिकले होते.

धवळेश्वरम

गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात दुष्काळ आणि पूर यांनी लोकवस्ती खचली होती. कॉटन यांनी तेथील पातळ्या व प्रवाह तपासून बंधाऱ्याची शिफारस केली. १८४७ मध्ये सुरू झालेले काम १८५२ मध्ये पूर्ण झाले. नदीतील बेटांमुळे चार भागांत विभागलेला हा बंधारा सुमारे ३.६ किलोमीटर लांब होता. त्याच्या कालव्यांनी हा प्रदेश भाताचे कोठार बनला. १८६१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

प्राणहिता आणि सिरोंचा

वऱ्हाड व नागपूर भागातील कापूस नदीमार्गे पूर्व किनाऱ्यावर न्यावा, हा कॉटन यांचा दीर्घकाळचा आग्रह होता. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता तयार होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. सिरोंचा हे तेव्हा मध्य प्रांतातील अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. मार्गात दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी येथे खडकांचे तीन मोठे अडथळे होते. तेथे बंधारे, बाजूचे कालवे व लॉक बांधून नौका पुढे नेण्याची कल्पना होती. प्रत्यक्ष पाहणी व बांधकामाची जबाबदारी मुख्यतः एफ. टी. हेग या अभियंत्याकडे होती.

अशा नदीचा अंदाज बांधणे सोपे नव्हते. पाण्याची पातळी काठावर रोवलेल्या खुणांच्या पट्टीवर डोळ्यांनी वाचावी लागे, खोली बांबूने किंवा दोरीला बांधलेल्या वजनाने मोजली जाई आणि तरंगती वस्तू ठरावीक अंतर किती वेळात कापते यावरून वेग काढला जाई. पट्टी वाचणारा माणूस तापाने आजारी पडला की नोंद तुटे. पावसाळ्यात प्राणहिता अफाट पसरते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळू व खडक उघडे पडतात. त्यामुळे नौकेला पुरेसे पाणी वर्षातून किती काळ राहील, या एका प्रश्नावर साऱ्या योजनेचे भवितव्य अवलंबून होते. त्यासाठी अनेक वर्षांच्या सलग नोंदी हव्या होत्या. जंगलातील हिवताप, मजुरांची टंचाई आणि वाढता खर्च यांची त्यात भर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापसाला मुंबईचा बारमाही मार्ग मिळाला. सुमारे ७ लाख पौंड खर्च झाल्यावर १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. दुम्मगुडेमचा बंधारा तेवढा उपयोगात राहिला.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतरही भारताला रेल्वेपेक्षा कालव्यांची गरज अधिक आहे, हे मत कॉटन यांनी सोडले नाही. १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्यांच्या मतांची कठोर तपासणी झाली. सिंचनाविषयी ते बरोबर होते, नदीवाहतुकीविषयी मात्र त्यांचा आशावाद वस्तुस्थितीच्या पुढे गेला होता. इंग्लंडमधील डॉर्किंग येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

धवळेश्वरम येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. जुन्या बंधाऱ्याच्या जागी उभारलेल्या नव्या बॅरेजलाही त्यांचेच नाव आहे. या बॅरेजवर येणाऱ्या पुराचा मोठा वाटा चंद्रपूर व गडचिरोलीतून वाहत जातो. वर्धेवर बामणी, वैनगंगेवर आष्टी आणि प्राणहितेवर टेकरा येथे केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे आहेत. देशातील अशा केंद्रांवर आता पट्टीच्या जोडीला स्वयंचलित संवेदक बसवले जात आहेत. रडार संवेदक पाण्याच्या पृष्ठभागावरून परतलेल्या लहरीवरून, तर दाबमापक संवेदक बुडालेल्या टोकावरील पाण्याच्या दाबावरून पातळी ठरवतो. ही नोंद उपग्रहामार्फत पूर अंदाज कक्षाकडे जाते. पुरात वाहून आलेली झाडे उपकरणांना धडकतात आणि नळ्यांत गाळ बसतो, म्हणून काठावरची पट्टी आजही वाचली जाते.