शाश्वत विसाव्याची आशा : रिचर्ड बॅक्स्टर

रिचर्ड बॅक्स्टर हे इंग्लंडात सन १६१५ मध्ये जन्मले व पुढे किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावी उपदेशक झाले. यादवी युद्धाच्या काळी सैन्यात धर्मसेवा करीत असता, १६४७ च्या सुमारास त्यांस असे दुखणे जडले की, आपला अंत जवळ आला असे त्यांस वाटले. अंथरुणावर पडल्या पडल्या ते संतांच्या स्वर्गीय विसाव्याविषयी लिहू लागले. तो ग्रंथ १६५० मध्ये प्रसिद्ध झाला.

मरण टळले, पण ते चिंतन सुटले नाही. स्वर्गाकडे डोळे लावणारा मनुष्य येथील कामात आळशी होतो, असे कित्येक म्हणतात. बॅक्स्टर यांचे उलट झाले. गावी परतल्यावर ते व त्यांचे सहकारी दर सोमवारी व मंगळवारी एकेका कुटुंबास वेगळे घेऊन प्रश्नोत्तरांनी शिकवीत. आणि कुटुंबे होती सुमारे ८००! १६६२ च्या कायद्याने त्यांची राजमान्य मंडळीतील सेवा सुटली. सत्तरीच्या सुमारास तुरुंगवासही घडला. तरी लेखणी थांबली नाही. १६९१ मध्ये ते प्रभूच्या विसाव्यात गेले.

प्रिय बंधुभगिनींनो, कापणीची आशा आहे म्हणूनच शेतकरी नांगर धरतो. आपणही रोज घटकाभर स्वर्गीय घराचे मनन करावे, आणि मग शेजाऱ्याच्या दारी सेवेस जावे.