परिव्राजकाचा जलमार्ग

वैनगंगेच्या तीरी राहणाऱ्या आपणा बालाघाटकरांस नावेचा प्रवास नवा नाही. नदी दुथडी भरली म्हणजे पैलतीर गाठण्यासाठी स्वतःस नावाड्याच्या हाती सोपवावे लागते. श्रीमंत असो की भिक्षुक, त्या घटकेपुरती नावेतील सर्वांची गती एकच असते. श्रीस्वामी विवेकानंदांच्या चरित्रातील अशाच एका जलप्रवासाचे स्मरण या मंगल प्रसंगी भक्तजनांपुढे ठेवावे, असा आमचा मानस आहे. शिकागोची सभा सर्वांच्या मुखी आहे. परंतु त्या सभेपूर्वी नऊच महिने हा अनामिक संन्यासी केरळच्या खाड्यांतून दक्षिणेकडे चालला होता, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

स्वामीजींचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी कलकत्त्यास झाला. पूर्वाश्रमीचे नाव नरेंद्रनाथ दत्त. पिता विश्वनाथबाबू वकिलीचा व्यवसाय करीत. त्यांच्या बैठकीत निरनिराळ्या जातींच्या पक्षकारांसाठी निरनिराळे हुक्के मांडलेले असत. जात जाते म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी बाल नरेंद्राने एके दिवशी ते सर्व हुक्के ओढून पाहिले! काहीच घडले नाही, आकाश कोसळले नाही. मुलाच्या मनात मात्र एक प्रश्न कायमचा रुतून बसला.

१८७७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, नरेंद्र पित्याकडे रायपुरास निघाला. नागपुरापुढे त्या काळी आगगाडी नव्हती. बैलगाडीने दाट अरण्यातून, आपल्याच शेजारच्या मुलखातून, ती मंडळी अनेक दिवस चालली होती. वाटेत डोंगराच्या एका कपारीत मधमाश्यांचे प्रचंड पोळे लोंबत असलेले त्याने पाहिले. या सृष्टीच्या कर्त्याची महती चिंतिता चिंतिता त्याचे बाह्य भान हरपले. चरित्रकारांनी हा त्याच्या अंतर्मुखतेचा पहिला मोठा प्रसंग मानला आहे.

पुढे १८८१ साली श्रीरामकृष्णांचे दर्शन घडले आणि प्रश्न विचारणारा तो तरुण शिष्य झाला. १६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीगुरूंनी देह ठेवल्यावर गुरुबंधूंसह त्याने संन्यास स्वीकारला. भ्रमणाच्या आरंभकाळात वृंदावनाच्या वाटेवर एक मनुष्य चिलीम ओढीत बसलेला दिसला. स्वामीजींनी ती मागितली. आपण भंगी आहोत, असे त्याने सांगताच ते नकळत पुढे निघून गेले. परंतु थोडे अंतर चालल्यावर मन त्यांना टोचू लागले. संन्यास घेतला, आणि जात अजून अंगात उरली? ते माघारी वळले आणि आग्रहाने तीच चिलीम ओढून मगच पुढे गेले. बालपणीचा हुक्का कुतूहलाचा होता. ही चिलीम आत्मपरीक्षेची होती.

१८९२ साली त्यांची पावले पश्चिम भारतातून दक्षिणेकडे वळली. खांडव्यास असताना सर्वधर्मपरिषदेस जाण्याचा विचार त्यांनी बोलून दाखविला. मुंबईहून पुण्यास जाताना लोकमान्य टिळकांची गाठ पडली. आठ-दहा दिवस ते टिळकांच्या घरी राहिले, पण स्वतःचे नाव त्यांनी सांगितले नाही. कोल्हापूर करून ऑक्टोबरात ते बेळगावास आले. मडगावी मुक्काम असताना राशोल येथील ख्रिस्ती मठात जाऊन त्यांनी त्या धर्माच्या मूळ ग्रंथांचे अध्ययन केले. म्हैसूरचे दिवाण शेषाद्री अय्यर त्यांस द्रव्य देऊ लागले, परंतु स्वामीजींनी पुढील प्रवासाच्या तिकिटापलीकडे काही घेतले नाही. शोरनूरपर्यंत आगगाडीने येऊन तेथून त्रिचूरमार्गे ते कोडुंगल्लूर या प्राचीन क्षेत्री पोहोचले.

तेथे भगवतीचे सुप्रसिद्ध मंदिर आहे. ज्याचे कुल व जात ठाऊक नाही अशा परप्रांतीयास आत प्रवेश नव्हता. जगन्मातेच्या दर्शनासाठी आलेला हा तिचा पुत्र मंदिराबाहेर वृक्षातळी बसून राहिला. तेथील राजघराण्यातील विद्वान त्यांच्याशी संस्कृतात वाद करावयास आले आणि त्यांच्या विद्वत्तेने थक्क झाले. विद्येला मान मिळाला, पण द्वार उघडले नाही. हा अनुभव त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्या काळी मलबार, कोचीन व त्रावणकोर या प्रदेशांत स्पर्शच नव्हे, तर सामीप्यही विटाळ मानले जाई. कोणी कोणापासून किती पावले दूर राहावे, हेदेखील ठरलेले होते.

कोडुंगल्लूरहून ते एर्नाकुलमला आले. तेथे केरळातील थोर सत्पुरुष चट्टंपी स्वामी यांची भेट झाली. संस्कृतात उभयतांचा संवाद झाला आणि चिन्मुद्रेच्या अर्थाविषयी चट्टंपी स्वामींनी केलेल्या विवेचनाने स्वामीजी संतुष्ट झाले. तेथून पुढे त्रिवेंद्रमला जावयाचे होते. कोचीनच्या दिवाणांचे चिटणीस रामय्या यांनी संस्थानचा एक मुसलमान शिपाई वाटाड्या म्हणून सोबतीस दिला.

एर्नाकुलमपासून त्रिवेंद्रमपर्यंतचे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. रेल्वे त्या बाजूस अद्याप आलेली नव्हती. एर्नाकुलमला ती १९०२ साली आली, त्रिवेंद्रमला १९१८ साली. जाणेयेणे व मालाची वाहतूक प्रामुख्याने जलमार्गाने होई. समुद्राला समांतर अशी खाड्यांची व सरोवरांची मालिका तेथे निसर्गानेच घातली आहे. मधले दुवे कालवे खणून जोडलेले आहेत. वर्कला येथे टेकडी आडवी आली, तेव्हा तिच्यातून दोन बोगदे खोदून १८८० सालापर्यंत पाण्याला वाट करून दिलेली होती.

मार्गशीर्षाचे दिवस होते. त्या प्रांतातील परतीचा पाऊस ओसरलेला असतो आणि हवा सुखद असते. लोखंडी खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेल्या तेथील नावा बांबूच्या लांब काठ्यांनी रेटीत नेतात. वेंबनाड सरोवराचा विस्तार, समुद्रसपाटीहून खाली असलेली कुट्टनाडची भातखाचरे, कोल्लमजवळचे अष्टमुडी सरोवर आणि दोन्ही तीरांवर नारळींच्या रांगा, असे या जलमार्गाचे रूप आहे. मंदिरात अंतर पाळता येते, वाटेवर पाळता येते. नावेत ते कसे पाळावे? संन्यासी आणि शिपाई एकाच वाटेचे सोबती झाले होते.

१३ डिसेंबर १८९२ रोजी दोघे त्रिवेंद्रमला प्राध्यापक सुंदरराम अय्यर यांच्या दारी पोहोचले. घरातील लहान मुलाने स्वामीजींचा अपरिचित वेष पाहून, दोघे मुसलमान आले आहेत, अशी वर्दी वडिलांस दिली. मागील दोन दिवसांत थोड्याशा दुधाखेरीज स्वामीजींच्या पोटात काही गेलेले नव्हते. तथापि यजमानांशी बोलू लागताच त्यांनी प्रथम आपल्या शिपायाच्या भोजनाची व्यवस्था करविली. तो जेवून निरोप घेऊन गेला, त्यानंतरच त्यांनी स्वतःचा विचार केला. पोटात भूक असताना आधी दुसऱ्याचे पान मांडावयास सांगणे, ही अद्वैताची कसोटी होय. बालपणीचा प्रश्न येथे आचरणात उतरलेला दिसतो.

नऊ दिवस राहून २२ डिसेंबरास ते निघाले व कन्याकुमारीस पोहोचले. देवीला साष्टांग प्रणिपात केला. समुद्रातील शिलेवर जावयाचे होते, परंतु नावाड्यास द्यावयास जवळ एक पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि पोहत ती शिला गाठली, असे चरित्रकार सांगतात. २५, २६ व २७ डिसेंबर हे तीन दिवस त्यांनी तेथे भारताच्या चिंतनात घालविले. कोडुंगल्लूरचे बंद द्वार, जातीजातींतील मोजलेली पावले, दरिद्री जनांची उपासमार, हे सर्व त्या चिंतनात होते. दीनांची सेवा हीच नारायणाची पूजा, या निश्चयाने ते उठले.

३१ मे १८९३ रोजी ते मुंबईहून अमेरिकेस निघाले आणि ११ सप्टेंबरास शिकागोच्या सभेत उभे राहिले. परतल्यावर १८९७ साली मद्रासेच्या व्याख्यानात मलबारातील जातिभेदावर त्यांनी कठोर प्रहार केला आणि त्याच वर्षी १ मे रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना केली. ४ जुलै १९०२ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बेलूर मठात त्यांनी देह ठेवला. त्रावणकोरच्या मंदिरांची द्वारे सर्व हिंदूंना १९३६ साली उघडली. अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा येथे जन्मलेले एकनाथजी रानडे यांच्या अविश्रांत परिश्रमांनी १९७० साली त्या शिलेवर स्मारक उभे राहिले.

आज यात्रिक नावेत बसून त्या शिलेवर जातात. आपणांपैकी ज्यांना तो योग येईल, त्यांनी नावेत शेजारी बसलेल्याकडे एकवार पाहावे, आणि तो उपाशी तर नाही ना, याची विचारपूस करावी. घरी राहणाऱ्यांनी आपल्या दारी आलेल्यास जात न विचारता पान वाढावे. श्रीस्वामीजींच्या चरणी याहून प्रिय पूजा ती कोणती?