लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे जनक होते. भारतीय बनावटीचा लोखंडी नांगर शेतकऱ्यापर्यंत पोहोचविणारे कारखानदार म्हणून त्यांची ख्याती आहे. परंतु त्यांच्या कारखान्याच्या यशाचा विचार केवळ यंत्रांच्या अंगाने करून चालत नाही. भांडवल, कोळसा, लोखंड आणि बाजारपेठ यांपैकी काहीही जवळ नसताना त्यांनी जो उद्योग उभा केला, तो मुख्यतः माणसे निवडण्याच्या आणि त्यांना वाढू देण्याच्या त्यांच्या हातोटीवर उभा राहिला.

पूर्वायुष्य

किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातील किर्लोशी गावचे. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही गुर्लहोसूरचाच. लक्ष्मणरावांचे शालेय अभ्यासात फारसे मन रमत नसे. चित्रकला आणि यांत्रिक वस्तू या दोन गोष्टींची मात्र त्यांना उपजत ओढ होती. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्या आर्थिक आधाराने १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. सुमारे दोन वर्षांनी त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाही असे निष्पन्न झाले आणि चित्रकार होण्याची वाट बंद झाली. तेव्हा ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. तेथे रंगांची गरज नव्हती, रेषेची होती. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. संस्थेच्या कार्यशाळेतील यंत्रे हाताळून आणि इंग्रजी तांत्रिक ग्रंथ वाचून त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती.

या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. पुढील आयुष्यात त्यांनी माणूस पारखताना जात, प्रमाणपत्र किंवा पूर्वेतिहास यांना जे गौण स्थान दिले, त्याचे मूळ या प्रसंगात शोधण्यास हरकत नसावी.

बेळगाव : सायकलपासून नांगरापर्यंत

मुंबईत असतानाच, १८८८ साली, दोघा बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकत. विकत घेणाऱ्यास सायकल चालविण्यासही शिकवीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा आरंभ येथे झाला. बेळगावला आल्यावर लक्ष्मणरावांनी लहानसा कारखाना काढून प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर हाती घेतला.

पारंपरिक लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर माती उचलून पलटतो. त्यामुळे हरळी, कुंदा यांसारखी खोल मुळांची तणे निघण्यास मदत होते. हा फरक काळ्या जमिनीत नांगर धरलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला, मग तो कृष्णाकाठचा असो वा तापीकाठचा, सांगावा लागत नाही. तरीही त्या काळी लोखंडाने जमीन विषारी होते असा समज प्रचलित होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. माल खपत नसताना कारागिरांना टिकवून धरणे ही या कारखान्यापुढील पहिली मोठी कसोटी होती. ती संपते न संपते तोच दुसरी उभी राहिली : नव्या वसाहतीसाठी जागा हवी असल्याने बेळगाव नगरपालिकेने कारखाना हलविण्यास सांगितले.

किर्लोस्करवाडीची स्थापना

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांशी त्यांचा पूर्वीपासून स्नेह होता. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. ही जमीन ओसाड माळाची होती. त्यावर निवडुंगाचे रान माजले होते आणि सापांचा सुळसुळाट होता. १९१० साली सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे लक्ष्मणरावांबरोबर या माळावर आली. निवडुंग तोडणे, राहण्यापुरता निवारा उभारणे आणि कारखान्याची यंत्रे बसविणे ही कामे त्यांनी मिळून केली. पुढे कुंडल रोड स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे.

त्याच कालखंडात खानदेशातही कारखानदारी रुजत होती. जळगाव, अमळनेर आणि धुळे येथे कापडगिरण्या निघाल्या. पण तेथे कापूस दारात पिकत होता, रेल्वे होती आणि पैसा लावणारे पेढीवाले होते. कुंडलच्या माळावर यांपैकी फक्त रेल्वे होती. इतर सर्व बाहेरून आणावे लागे आणि तयार मालही बाहेरच विकावा लागे. म्हणून तेथील प्रत्येक माणसाच्या कामाला अधिक मोल होते.

परदेशांत कारखानदारांनी वसविलेल्या कामगार-वसाहतींविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. इंग्लंडमध्ये साबणाच्या कारखान्याभोवती पोर्ट सनलाइट आणि चॉकलेटच्या कारखान्याभोवती बोर्नव्हिल अशी टुमदार गावे उभी राहिली होती. भारतात साकची येथे (आजचे जमशेदपूर) टाटांच्या पोलाद कारखान्याचे काम नुकतेच सुरू झाले होते. मात्र या सर्वांच्या मागे मोठे भांडवल होते. किर्लोस्करवाडीत गाव आणि कारखाना दोन्ही एकाच तुटपुंज्या पैशातून उभारायचे होते.

सहकाऱ्यांची निवड आणि कार्यपद्धती

किर्लोस्करवाडीच्या पहिल्या पिढीतील प्रमुख माणसांची यादी पाहिली तर आजच्या कोणत्याही नोकरभरतीत ती पहिल्याच चाळणीत गळून पडली असती. शंभूराव जांभेकर यांचे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिलेले; वाडीत ते अभियंता झाले, व्यवस्थापक झाले, आजाऱ्यांच्या औषधपाण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे आली आणि उत्सव-समारंभांची आखणीही. के. के. कुलकर्णी हे परीक्षेत नापास झालेले विद्यार्थी. ते कारखान्याचे कुशल विक्रेते आणि अडचणीच्या वेळी धावून जाणारे व्यवस्थापक ठरले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा सोडली होती. त्यांच्यातून कल्पक यंत्रज्ञ घडला. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशेब सांभाळीत. रामूअण्णांनी गावाची आखणी आणि नागरी व्यवस्था अंगावर घेतली.

लक्ष्मणराव अशा माणसाला काम ठरवून देताना त्याचा तुकडा पाडून देत नसत. एखादे यंत्र बनवायचे ठरले की आराखडा, साचा, ओतकाम, जुळणी आणि त्यातील चुका या सर्वांची जबाबदारी संबंधित व्यक्तीवर येई. अमेरिकेत याच सुमारास, १९११ साली, फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. विचार करण्याचे काम व्यवस्थापकाचे आणि आखून दिल्याप्रमाणे हात चालविण्याचे काम कामगाराचे, अशी त्यातील विभागणी होती. किर्लोस्करवाडीतील रीत जवळपास उलट होती. ती सिद्धान्तातून आलेली नव्हती. पदवीधर अभियंते माळावर येऊन राहण्याची शक्यता कमी होती. तेव्हा जो आहे त्यालाच अभियंता करणे भाग होते. तिचा लाभ असा झाला की ओतशाळेतील कारागीर आणि नांगर वापरणारा शेतकरी यांच्यातील अंतर कमी राहिले. शेतातून आलेली तक्रार कारखान्यातील नेमक्या माणसापर्यंत पोहोचे आणि फाळ, बैठक, दांडी यांत सुधारणा होई.

सर्वांत धाडसी निवड राखणदारांची होती. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले इसम वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्यात आले. काळ लक्षात घेतला पाहिजे. १९११ साली गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा देशभर विस्तारला आणि काही समाजांतील माणसे जन्मतःच संशयित मानण्यास कायद्याचा आधार मिळाला. अशा वेळी किल्ल्याच त्यांच्या हाती देणे म्हणजे कारखान्याची मालमत्ता पणाला लावणे होते. हे दोघेही वाडीचे विश्वासू रक्षक ठरले. पुढे याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली. तिचे श्रेय लक्ष्मणरावांकडे जात नाही; संस्थानातील वातावरण मात्र त्यावरून कळते.

किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी मनाई केली होती. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांचा वाडीतील गरजू कुटुंबांना मदत पोहोचविण्यात पुढाकार असे.

महायुद्ध आणि नंतर

पहिल्या महायुद्धाने (१९१४–१८) कारखान्याला एकाच वेळी संधी आणि संकट दिले. परदेशी नांगरांची आयात मंदावल्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. दुसरीकडे लोखंड, कोळसा आणि रंग मिळेनासे झाले. पर्यायी साधने शोधीत, जुने लोखंड वितळवीत कारखाना चालू ठेवण्यात आला. सांगितले तेवढेच करणाऱ्या माणसांकडून हे होणे अवघड होते.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याची माहिती देणाऱ्या या पत्रातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक विकसित झाले आणि ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) यांची भर पडली. नांगराच्या कारखान्यातून मराठीतील तीन महत्त्वाची मासिके निघावीत, हे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही नवल वाटावे असे आहे. ज्येष्ठ पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली पदवी घेऊन परतले. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप यांचे उत्पादन होऊ लागले.

मर्यादा

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वाडीतील घरे, शाळा, आरोग्य आणि करमणूक यांची सूत्रे अखेर कारखान्याच्या चालकांकडेच होती. वडीलकीच्या मायेने मिळालेली सोय आणि हक्क म्हणून मिळालेली सोय यांत फरक असतो. खानदेशातील गिरण्यांत १९३०च्या दशकाच्या अखेरीस साने गुरुजींसारख्या कार्यकर्त्यांनी कामगारांना संघटित केले, तेव्हा प्रश्न या दुसऱ्या प्रकारच्या सोयीचा होता. किर्लोस्करवाडीतील व्यवस्था पुष्कळ अंशी पहिल्या प्रकारात मोडते. संस्थापकाला प्रत्येक कामगार नावानिशी ठाऊक असेपर्यंत ती चालते. उद्योग चार शहरांत पसरला की तिला नियमांचे आणि संघटनांचे रूप घ्यावे लागते. तसेच वाडीबाहेरील समाजावर वाडीचा प्रभाव मर्यादित होता. जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला जमावाने आग लावली. तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभारण्यात आला.

विस्तार आणि अखेर

१९४१ साली हरिहर येथे यंत्रहत्यारांसाठी म्हैसूर किर्लोस्कर, तर १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिने आणि बंगळूरमध्ये विजेच्या मोटारी बनविणाऱ्या कंपन्या स्थापन झाल्या. या विस्ताराचे नेतृत्व शंतनुराव आणि दुसऱ्या पिढीकडे होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडलच्या माळावरील मूळ कारखान्यात पुढील काळात मुख्यतः पंपांचे उत्पादन होऊ लागले.