विमानशिल्पी डॉ. विष्णु माधव घाटगे

विद्यार्थी मित्रहो, सूर्यकिरण पथकाची विमाने आकाशात कसरती करू लागली की आपण माना उंचावून पाहत राहतो. हे पथक १९९६ साली स्थापन झाले, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या वैमानिकांच्या हाती जी विमाने होती त्यांचे नाव किरण. वैमानिकांचे कौतुक आपण करतो, ते योग्यच आहे. परंतु किरणचा आराखडा ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, ते डॉ. घाटगे मात्र आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसतात. त्यांचा अल्प परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर भागातील हसूरचंपू या लहानशा गावी झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात गेले आणि लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञांचे शिष्य झाले. प्रस्तुत लेखकाची घरची बोली कोकणी, बाजारातील गुजराती आणि वर्गातील मराठी; तुमच्यापैकी अनेकांचीही स्थिती अशीच आहे. अशा आपणांस परक्या देशात, परक्या भाषेत कठीण शास्त्र शिकणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

प्रांटल यांचे मोठेपण कशात होते? पावसाळ्यात मिंढोळेच्या काठी उभे राहून पाहा. मध्यावर पाणी वेगाने धावते, काठालगत मात्र ते रेंगाळते. हवेचेही तसेच आहे. विमानाच्या पंखाला अगदी चिकटून हवेचा एक पातळ, मंदावलेला थर असतो. १९०४ साली प्रांटल यांनी दाखवून दिले की प्रवाहाच्या वर्तनाचे रहस्य या थरात दडलेले आहे. हा थर पृष्ठभागाला धरून राहिला तर पंख विमानाला तोलून धरतो. तो पृष्ठभाग सोडून सुटला तर उचल एकाएकी घटते आणि विमान खाली येऊ लागते. आपल्या पलसाण्याच्या गिरण्यांतील ब्लोअरच्या पात्यांना आणि जेट इंजिनातील टर्बाइनच्या पात्यांनाही हाच नियम लागू आहे. आज हवेचे लक्षावधी तुकडे कल्पून संगणक त्यांचे गणित मांडतो. घाटगे यांच्या तरुणपणी ते काम कागद, पेन्सिल, स्लाइड रूल आणि वातविवर यांच्या साहाय्याने करावे लागे.

१९३६ साली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. परंतु ज्या मायदेशी ते परतले तेथे विमानाचा एकही कारखाना नव्हता. विद्या हाती असावी आणि ती चालवावयास जागा नसावी, ही ज्ञानी माणसाची मोठी कसोटी होय. १९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभारला, आणि घाटगे तेथे दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या धामधुमीत त्यांनी दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. त्याचा एकच नमुना तयार झाला, पुढे त्याची निर्मिती झाली नाही. पण ते स्वस्थ बसले नाहीत. १९४२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचे शिक्षण सुरू झाले, त्याची धुरा त्यांनी सांभाळली. विमान घडवावयाचे तर आधी विमान घडविणारी माणसे घडविली पाहिजेत, हे त्यांच्या या कार्यावरून दिसून येते.

स्वातंत्र्यानंतर नवशिक्या वैमानिकांसाठी स्वदेशी विमान बनविण्याचे काम त्यांच्याकडे आले. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. अनुभवी वैमानिक विमानाचा दोष सांभाळून घेतो. येथे विमानानेच शिकाऊ मुलाची चूक सांभाळून घ्यावयाची असते. आराखड्यात राहिलेल्या चुकीची किंमत एखाद्या मातेच्या पुत्राने प्राण देऊन चुकवावी लागते. १९५१ च्या ऑगस्टमध्ये एच.टी.-२ हे दोन आसनी, धातूचे विमान प्रथम आकाशात झेपावले. ते चालवीत होते कॅप्टन जमशेद मुन्शी. संपूर्णपणे भारतात आराखडलेले आणि घडविलेले हे पहिले विमान. दीडशेहून अधिक एच.टी.-२ विमाने तयार झाली, काही आफ्रिकेतील घाना देशानेही घेतली. आपल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाचा श्रीगणेशा याच विमानात गिरविला.

त्यानंतर १९५८ साली फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक आले, आणि १९६४ च्या सप्टेंबरात किरण हे जेट विमान उडाले. १९६५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. मात्र एक उणीव राहिली. जेट इंजिनही आपलेच असावे म्हणून बंगळूरला प्रयत्न झाले, पण ते सिद्धीस गेले नाहीत. किरण उडाले ते ब्रिटिश बनावटीच्या व्हायपर इंजिनावर. पंखाचे गणित सुटले, पण टर्बाइनचे अपुरे राहिले. तप्त वायूच्या झोतात अतिवेगाने फिरणारी पाती घडविणे हे फार थोड्या देशांना साधले आहे.

६ डिसेंबर १९९१ रोजी डॉ. घाटगे यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांचा पुतळा चौकात नसेल, पण एच.टी.-२ मधून शिकून सुखरूप उतरलेला प्रत्येक वैमानिक हेच त्यांचे खरे स्मारक होय. बालमित्रहो, थोरांची पूर्ण झालेली कामे आपण पाठ करतो. त्यांनी अपुरी ठेवलेली कामे मात्र आपल्यासाठीच असतात. गणिताच्या तासाला वहीत एखादे उदाहरण अडले, तर ते खोडून टाकण्यापूर्वी एकदा हसूरचंपूच्या या सुपुत्राचे स्मरण करावे.