मादाम क्यूरींचा गुरुवारचा वर्ग

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असा संपादिकाबाईंचा निरोप आला, तेव्हा मी मादाम क्यूरींचे नाव कळविले. त्यावर, त्यांच्याविषयी तर सर्वांना ठाऊकच आहे, असे उत्तर मिळाले. ते खरेच आहे. गळक्या छपराची ती शेड, मोठमोठ्या पातेल्यांतून ढवळलेले ते पिचब्लेंड, अंधारात चमकणारे रेडियम आणि दोन नोबेल पारितोषिके, हे सारे आपण शाळेच्या धड्यापासून वाचत आलो आहोत. पण मला आज त्या शेडविषयी लिहावयाचे नाही. मुलामुलींना, आणि विशेषतः मुलींना, पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मादाम क्यूरींविषयी लिहावयाचे आहे. त्याला कारण घरचेच घडले. ते ओघाने येईल.

मारिया स्क्लोदोव्स्का हे त्यांचे माहेरचे नाव. जन्म १८६७ चा, वॉर्सा शहरातला. पोलंडच्या त्या भागावर तेव्हा रशियाचा अंमल होता. वडील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. पोलिश शाळांतून प्रयोग करून दाखविणे सरकारने बंद पाडले, तेव्हा वडिलांनी पुष्कळशी उपकरणे घरी आणून ठेवली. काचेच्या कपाटात नळ्या, लहान तराजू, सोन्याच्या वर्खाचा विद्युद्दर्शक असे सारे मांडलेले असे, आणि लहानगी मारिया त्यापुढे उभी राहून पाहत असे. ती दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. पण ते कपाट आणि त्यातले समजावून सांगणारे वडील घरात होते.

आमच्याही शाळेत असे एक काचेचे कपाट होते. ही गोष्ट १९६० च्या आसपासची. आतला तराजू आणि नालाच्या आकाराचा लोहचुंबक मी चार वर्षे काचेतून पाहिला; हातात एकदाही आला नाही. मुलींना शास्त्राऐवजी शरीरविज्ञान व आरोग्यशास्त्र घेण्याची मुभा होती. ती मुभा आम्हांला हवी आहे काय, हे मात्र कोणी विचारले नाही. असो.

१८८३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, मारियाने सुवर्णपदक मिळवून शाळा संपविली. पुढे दार बंद. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. मग दोघी बहिणींनी आपसांत ठरविले की, थोरली ब्रोन्या पॅरिसला जाऊन डॉक्टर होईल, धाकटी नोकरी करून तिला पैसे पाठवील, आणि नंतर थोरली धाकटीला बोलावील. त्यापायी मारियाने खेड्यातल्या एका सधन घरी तीन वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकविण्याची नोकरी केली. धन्याच्या मुलीला हाताशी धरून ती गावातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना चोरून पोलिश शिकवी आणि रात्री स्वतः पदार्थविज्ञानाची व गणिताची पुस्तके उघडून बसे. स्वतःच्या हाताने प्रयोग करावयाची संधी तिला वॉर्सातल्या एका संग्रहालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत मिळाली, तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती. आठ वर्षांमागेच जे हाती पडावयास हवे होते, ते तेव्हा पडले.

१८९१ मध्ये ती पॅरिसला गेली. दोन वर्षांत पदार्थविज्ञानाच्या पदवी परीक्षेत पहिली आली आणि पुढल्या वर्षी गणितात दुसरी. १८९५ मध्ये प्येर क्यूरींशी विवाह झाला. पुढचा भाग आपल्याला पाठच आहे.

जे पाठ नाही ते असे. १९०० साली मादाम क्यूरींनी पॅरिसजवळच्या सेव्र येथील अध्यापिका विद्यालयात शिकविण्याची नोकरी धरली. मुलींच्या माध्यमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणारी ही फ्रान्समधील अग्रगण्य संस्था. म्हणजे येथे जे शिकविले जाई, ते पुढे देशभरच्या मुलींपर्यंत पोचत असे. तेथे पदार्थविज्ञान मुख्यतः फळ्यावरचे होते. बाईंनी विद्यार्थिनींच्या हाती उपकरणे दिली आणि प्रयोग त्यांच्याकडूनच करवून घेऊ लागल्या. याच वर्षांत इकडे रेडियमचे शेडमधील काम चालू होते, घरी लहानगी इरेन होती, आणि ट्रामने सेव्रला जाणे-येणे होते. त्यांच्या तेथील एक विद्यार्थिनी युजेनी कोत्तों पुढे त्याच विद्यालयाच्या प्रमुख झाल्या आणि १९४५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय लोकशाही संघाच्या पहिल्या अध्यक्षाही. महिला मंडळांच्या इतिहासात हा धागा कुठून येतो पाहा!

१९०६ मध्ये प्येर क्यूरी घोडागाडीखाली सापडून गेले. पदरी दोन मुली, धाकटी तर दीड वर्षाची. इरेन दहा वर्षांची होत आली तेव्हा, मुलांना दिवसभर शाळेच्या बाकावर कोंडून ठेवणे बाईंना पटेना. त्यांनी विद्वान स्नेह्यांना सांगून आपापसांत एक वर्ग चालू केला. दहाएक मुलेमुली, आणि शिकविणारे आईबाप स्वतः. दर गुरुवारी दुपारी मादाम क्यूरी पदार्थविज्ञान शिकवीत. नळाला पाणी कसे येते, नाव कशी तरंगते, रिकाम्या दिसणाऱ्या बाटलीत काय असते, असे त्यांचे विषय. सायकलच्या चाकातले छर्रे शाईत बुडवून तिरप्या फळीवरून सोडावयाचे, की त्यांच्या वाटेची वक्ररेषा आपोआप उमटते. मग मुलांनीच पडणाऱ्या वस्तूचा नियम ताडून पाहावयाचा. तेरा वर्षांच्या इझाबेल शावानने त्या वर्गात लिहिलेल्या टिपणांचे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

एकदा त्यांनी मुलांना विचारले की, या भांड्यातला गरम द्रव गरमच ठेवावयाचा तर काय कराल? कोणी लोकर गुंडाळा म्हणाले, कोणी फारच अवघड युक्त्या काढल्या. बाईंनी हसून सांगितले की, आपण असतो तर प्रथम झाकण ठेवले असते.

वर्ग दोनेक वर्षे चालून मोडला, कारण थोरामोठ्यांना वेळ पुरेना. पण शिकविणे थांबले नाही. महायुद्धात जखमींसाठी क्षकिरणांच्या गाड्या फिरू लागल्या, यंत्रे चालविणारी माणसे हवी होती. तेव्हा १९१६ पासून रेडियम संस्थेत बाईंनी सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकविले. त्यांत परिचारिका होत्या, तशी घरकाम करणारी एक मोलकरीणही होती. विजेचे मूळ धडे प्रत्येकीला चुकले नाहीत. इरेन अठराव्या वर्षी आघाडीजवळच्या इस्पितळात एकटी यंत्र सांभाळत होती. तिला व तिच्या पतीला १९३५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते पाहावयास आई नव्हती. ४ जुलै १९३४ रोजी ती गेली होती. दोघी मायलेकी रक्ताच्या विकाराने गेल्या, आणि किरणांशी घालविलेली वर्षे त्यांना भोवली, हेही सांगितले पाहिजे.

आता घरचे कारण. माझ्या बहिणीची नात यंदा दहावी झाली. गुण चांगले आहेत. परंतु डॉक्टर वा इंजिनिअर व्हावयाचे नसेल तर पदार्थविज्ञान कशाला, क्लासची फी कशाला, असे घरात चालले आहे. आणि पोरीलाही तो विषय म्हणजे सूत्रांचे ओझे वाटते. मी तिला भांड्याचा प्रश्न घातला. ती पुस्तकातले उष्णतेचे वहन, उत्सर्जन सांगू लागली. तिची आई कणीक मळीत होती. तिने मान वर न करता झाकण ठेवावयास सांगितले. मुलगी थोडा वेळ गप्प झाली. मग झाकणाने नेमके काय अडते, ते तिने आईलाच विचारले, आणि दोघींनी दोन पातेल्यांत पाणी तापवून, एकावर झाकण ठेवून, घड्याळ लावले. मी तापमापक आणून दिला. अर्ज भरावयास अजून आठ दिवस आहेत. काय ठरते ते पाहू.

कार्यकारिणीस माझी एक विनंती आहे. गुरुवारी दुपारी चार ते सहा आपले सभागृह रिकामे असते. आठवी ते दहावीच्या मुलींसाठी ते मला द्यावे. फळी, शाई, बादल्या व तापमापक मी आणीन; सायकलच्या दुकानदाराने जुने छर्रे देऊ केले आहेत. आया आल्या तरी चालेल. किल्ली कोणाकडे मागावयाची, एवढे कळवावे.