अठ्ठावीस तासांचा दिवस

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अजस्र गुहा आहे. ४ जून १९३८ रोजी तिथे दोन माणसे राहायला गेली. एक होते शिकागो विद्यापीठातले ४३ वर्षांचे प्राध्यापक नॅथानिएल क्लाइटमन. दुसरा त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन, वयाने वीसेक वर्षांनी लहान. आत काळोख आणि गारठा, पारा कायम १२ अंशांच्या आसपास. उंदीर वर चढू नयेत म्हणून खाटांचे पाय औषधी पाण्याच्या डब्यांत बुडवून ठेवलेले. जेवण जवळच्या हॉटेलातून येई. पुढचे ३२ दिवस या दोघांनी सूर्य पाहिला नाही.

हा खटाटोप कशासाठी? माणसाच्या शरीराचे तापमान रोज ठरावीक लयीत चढते-उतरते. पहाटे सर्वांत कमी, दुपारनंतर सर्वांत जास्त. क्लाइटमन यांची धारणा अशी, की ही लय म्हणजे बाहेरच्या जगाने लावलेली सवय. सवय असेल, तर ती मोडताही यायला हवी. म्हणून त्यांनी गुहेत २८ तासांचा दिवस सुरू केला. १९ तास जागायचे, ९ तास झोपायचे. आठवड्याचे तास तेच १६८, पण त्यांत दिवस बसवायचे सातऐवजी सहा. जेवणाच्या वेळाही याच दिवसाप्रमाणे.

आठवडाभरात रिचर्डसनचे तापमान नव्या दिवसाच्या तालावर चालू लागले. क्लाइटमन यांचे मात्र शेवटपर्यंत २४ तासांनाच चिकटून राहिले. झोपायच्या वेळी झोप येईना, जागायच्या वेळी डोळे मिटू लागत. वाढलेल्या दाढ्यांनिशी दोघे बाहेर आले, तेव्हा एका शरीराने प्राध्यापकांच्या बाजूने साक्ष दिली होती, तर दुसऱ्याने विरुद्ध. आणि विरुद्ध साक्ष देणारे शरीर त्यांचे स्वतःचे होते. ती नोंद त्यांनी लपवली नाही. १९३९ साली आलेल्या झोपेवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात दोघांचेही आकडे त्यांनी शेजारी-शेजारी मांडले.

असा चिवटपणा त्यांना आयुष्याने शिकवला होता. जन्म १८९५चा, रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह गावी, ज्यू कुटुंबात. वडिलांचे छत्र लहानपणीच गेलेले. ते ७ वर्षांचे असताना, १९०३ साली, गावात ज्यूंची भीषण कत्तल झाली. पुढे वैद्यक शिकायला बैरूतला गेले, तोच पहिले महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये जवळजवळ रिकाम्या हाताने अमेरिकेत उतरले आणि आठ वर्षांत शिकागोची डॉक्टरेट मिळवली. विषय झोप! त्या काळी झोप म्हणजे मेंदूचे बंद दुकान, त्यात अभ्यासायचे काय, असे बहुतेकांना वाटे. क्लाइटमन मात्र शंभराहून अधिक तास स्वतः जागे राहून आपल्याच अवस्थेच्या नोंदी करत बसले.

पुढे त्यांचा विद्यार्थी युजीन ॲसेरिन्स्की याला झोपलेल्या माणसाचे बुबुळ मधूनच वेगाने हलताना दिसले. क्लाइटमन यांनी लगेच मान डोलावली नाही. प्रयोग पुन्हा करायला लावले, आपल्या मुलीच्या झोपेवरही ते पडताळले. १९५३ साली दोघांचा निबंध आला आणि झोपेत मेंदू स्वस्थ नसतो, तो स्वप्ने पाहतो त्या काळाची खूण डोळ्यांत दिसते, हे जगाला कळले.

त्याच वर्षी त्यांचा तान्ह्या मुलांवरचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. घड्याळ न पाहता, भूक लागेल तेव्हा दूध दिलेल्या एका बाळाची झोप रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. जणू त्याचा दिवस २४ तासांहून किंचित मोठा होता! काही महिन्यांनी ते घरच्या दिवस-रात्रीशी जुळले. म्हणजे शिकवण बाहेरची खरी, पण आत आधीच काहीतरी टिकटिकत होते.

ते काय, हे नंतरच्या पिढ्यांनी शोधले. १९७२ मध्ये मेंदूतले मुख्य घड्याळ सापडले. यकृतालाही स्वतःचे घड्याळ असते आणि ते जेवणाच्या वेळेवर चालते, हे २०००च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांत दिसले. रात्रपाळीच्या माणसाचे पोट का कुरकुरते, याचे एक उत्तर इथे आहे. मेंदू प्रकाशाचे ऐकतो, यकृत ताटाचे, आणि दोघांचे जमत नाही.

जून १९९९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी २४ माणसांना मंद उजेडात ठेवून निष्कर्ष प्रसिद्ध केला. माणसाचे आतले घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचे असते, तरुणांचेही, वृद्धांचेही. त्यांची एक मुख्य युक्ती होती, २८ तासांचा दिवस. गुहेतला गुरू-शिष्यांमधला वाद प्राध्यापकांच्या शरीराने जिंकला होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, वयाच्या १०४व्या वर्षी क्लाइटमन यांनी लॉस एंजेलिसला डोळे मिटले. गुहेत त्यांना न आलेल्या झोपेचा अर्थ लागायला ६१ वर्षे जावी लागली. पण तो लागू शकला, कारण आपल्या मताविरुद्ध जाणारे आकडेही त्यांनी जपून ठेवले होते.