दोन राज्ये कर्जातून सावरणारा मराठी दिवाण

१९९१ च्या जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईच्या सहार विमानतळावरून लंडनला तारण म्हणून रवाना झाले. परकीय चलनाची गंगाजळी आटल्याने देशावर ती वेळ आली होती. कर्जात रुतलेले राज्य सावरायचे कसे, हा प्रश्न मात्र त्याहून बराच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात त्याचे उत्तर एका मराठीभाषक प्रशासकाने एकदा नव्हे, दोनदा दिले. सर टी. माधवराव हे त्यांचे नाव.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचा. तंजावरच्या मराठी राज्यामुळे दक्षिणेत स्थायिक झालेल्या देशस्थ घराण्यांपैकी त्यांचे एक घराणे. वडील आणि चुलते, दोघांनीही त्रावणकोरचे दिवाणपद भूषविले होते. मद्रासला शिक्षण घेतल्यावर त्यांनी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी केली. आकडे वाचण्याची त्यांची सवय तिथलीच. १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून गेले आणि १८५८ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याच राज्याचे दिवाण झाले.

ते राज्य तेव्हा रसातळाला गेले होते. नोकरांचे पगार थकले होते. पद्मनाभस्वामी मंदिराच्या भांडारातून कर्ज काढून खर्च भागवावा लागला होता. कंपनी सरकारला दरसाल आठ लाखांची खंडणी द्यावी लागे ती वेगळीच. कारभार सुधारला नाही तर राज्य खालसा होईल, असा इशारा डलहौसीने १८५५ मध्येच देऊन ठेवला होता.

अशा वेळी नवे कर लादणे हा राज्यकर्त्यांचा नेहमीचा मार्ग. माधवरावांनी नेमके उलटे केले. मिरीची खरेदी फक्त सरकारने, सरकार ठरवील त्याच भावाने करावी, असा मक्ता होता. १८६० साली तो उठवून त्यांनी व्यापार खुला केला आणि त्याजागी निर्यातीवर जकात बसवली. पुढे तंबाखूचा मक्ताही गेला. वसुलीपेक्षा जाचच अधिक, अशा शंभरावर किरकोळ पट्ट्या त्यांनी रद्द केल्या. १८६५ साली ब्रिटिश प्रदेश आणि कोचीन यांच्याशी करार होऊन जकातींचे अडसर दूर झाले. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर मालकीहक्क मिळाला.

सवलती दिल्या म्हणून तिजोरी रिती झाली नाही. चोरटा व्यापार घटला, लागवड आणि उलाढाल वाढली, उत्पन्न सावरले. पगार वाढवून ते वेळेवर मिळू लागल्याने लाचखोरीची सबबही उरली नाही. दिवाणपदाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतच राज्य ऋणमुक्त झाले. शिल्लक पैसा शाळा, रस्ते, कालवे यांकडे वळला. ब्रिटिश संसदपटू आणि अर्थशास्त्रज्ञ हेन्री फॉसेट यांनी त्यांची तुलना फ्रान्सच्या तुर्गोशी केली. कर्जबाजारी फ्रान्स सावरू पाहणाऱ्या तुर्गोला १७७६ मध्ये पायउतार व्हावे लागले होते. माधवरावांना निदान काम तडीस नेण्याइतका अवधी मिळाला.

मात्र सामाजिक सुधारणांत ही तडफ दिसली नाही. नाडर स्त्रियांच्या अंगभर वस्त्राच्या हक्कावरून १८५९ साली दंगली झाल्या. दरबाराने परवानगी दिली, तीही मद्रास सरकारच्या दडपणाखाली आणि उच्चवर्णीयांसारखी वेशभूषा न करण्याच्या अटीवर. तिजोरीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या दिवाणाच्या कारकिर्दीतील ही बाकी राहूनच गेली.

महाराजांशी मतभेद होऊन १८७२ मध्ये त्यांनी त्रावणकोर सोडले. काही काळ इंदूरला होळकरांची दिवाणगिरी केल्यावर १८७५ साली बडोद्याचे बोलावणे आले. सोन्याच्या तोफा ओतवून घेणारे मल्हारराव गायकवाड गैरकारभाराबद्दल नुकतेच पदच्युत झाले होते. सावकार, जवाहिरे आणि सरदार यांचे दावे तुंबले होते. महालांची वसुली इजारदारांकडे होती आणि ते रयतेला पिळून काढीत. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव अवघे बारा वर्षांचे होते.

माधवरावांनी इजारे बंद करून वसुली सरकारी वहिवाटदारांकडे सोपवली, शेतसारा कमी केला आणि चौकशी करून देणी निकालात काढली. न्यायखाते व शिक्षणखाते यांची घडी बसवली. बालमहाराजांना राज्यकारभारावर दिलेली त्यांची व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने निघाली. सयाजीरावांच्या हाती अधिकार आल्यावर १८८२ साली ते निवृत्त झाले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्षपद भूषवून ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

सयाजीरावांनी पुढे सक्तीचे मोफत शिक्षण आणि ग्रंथालयांचे जाळे उभारले, त्याचे श्रेय त्यांचेच. परंतु त्यासाठी लागणारी भरलेली तिजोरी त्यांच्या हाती आली, ती या दिवाणाच्या सात वर्षांच्या काटकसरीमुळे. कर्ज फेडण्यासाठी रयतेला नागवावे लागत नाही, तिच्या वाटेतील अडसर काढले तरी तिजोरी भरते, हे माधवरावांनी दोन राज्यांत सिद्ध केले. महाराष्ट्राला मात्र आज या मराठी माणसाचा फारसा परिचय नाही.